अठ्ठेचाळीस बुचं

तुळशीरामचं डोकं फिरायला अलिबागजवळच्या त्याच्या थळ गावात फारसं काही लागत नसे. घराकडे जाताना वाटेत कुणी नुसतं विचारलं, "काय तुळशा, अजून त्या दारूच्या दुकानातच काय?" की झालं. दुकान नाही, गोदाम. दारू नाही, वाइन. मुंबईत फोर्टातल्या बमनजी शेटच्या गोदामातून मोठमोठ्या साहेबांच्या मेजवान्यांना माल जातो, आणि तो माल आधी तुळशीरामच्या जिभेवरून जातो, हे त्यानं तेरा वर्षांत गावाला निदान तेराशे वेळा सांगितलं असेल. गाव मान डोलवी आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारी.

बरं, हे तेरा वर्षांचं काम काही फुकटात पदरात पडलं नव्हतं. भंडाऱ्याचा पोरगा, माडावर चढायचं सोडून सतराव्या वर्षी मुंबईला पळाला आणि बमनजी शेटकडे बाटल्या धुवायला लागला. दोन वर्षं सोड्याच्या पाण्यानं हाताची सालं निघाली. मग बुचं ठोकायच्या यंत्रावर तीन वर्षं, मग लेबलं चिकटवायला, मग बाटल्यांच्या तोंडावर लाख लावायला. एके दिवशी विलायतेहून आलेलं एक पिंप फोडलं, तेव्हा कोपऱ्यात उभ्या असलेल्या तुळशीरामनं नाक वर केलं आणि म्हणाला, "शेट, हे बिघडलंय." सगळे हसले. संध्याकाळी शेटनी एका जाणत्या साहेबाला बोलावून चाखवलं, तर ते खरंच बिघडलेलं निघालं. त्या दिवसापासून शेट त्याला पिंपाशी उभं करू लागले. तरीही पगार गोदामाच्या गड्याचाच राहिला आणि हाक 'अरे तुलशी' हीच राहिली.

म्हणून सन एकतीसच्या पावसाळ्यानंतर शेट जेव्हा म्हणाले की अलिबागच्या बाजूला आपला एक एजंट पाहिजे, तेव्हा तुळशीराम हातातलं काम टाकून पुढे झाला. किहीम, आवास, अलिबाग, मुरूड, सगळीकडे मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले उठत होते. ते थंडीत तिथे येऊन राहत आणि माल मुंबईहून मागवत. तो रेवसपासून छकड्यात आपटत येई, लगेच उघडला जाई, गढूळ निघे, आणि शिव्या बमनजी शेटना बसत. तिथेच माल आणून निवळत ठेवणारा, चार शब्द इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता.

"तू करशील?" शेट म्हणाले. "पण आधी एक काम करून दाखव. किहीमच्या बंगल्यावर नाताळला चार डझन क्लॅरेट जायचंय, तांबडी वाइन. जुना माल आहे, तळाशी गाळ बसलेला. तीन आठवडे आधी ने, थंड जागी आडवा ठेव, अजिबात हलवू नको. नाताळच्या आदल्या दिवशी स्वतः पोचव. साहेबानं चांगलं म्हटलं की एजन्सीचा कागद तुझा."

एजन्सीचा कागद म्हणजे अलिबागच्या बाजारात स्वतःच्या नावाची पाटी. खोलीत आठ जणांबरोबर निजायचं संपलं, आणि वर्षातून तीनदा बायकोपोरींचं तोंड बघायचंही संपलं. तुळशीराम त्या रात्री झोपलाच नाही.

चार डझन बाटल्या त्यानं नोव्हेंबरच्या शेवटी थळला आणल्या. रेवसहून येताना छकडेवाल्याला तो इतक्या वेळा "हळू, हळू" म्हणाला, की शेवटी छकडेवाला म्हणाला, "मंग तूच वड." घराची मागची पडवी सावलीची, गार. तिथे त्यानं समुद्राची वाळू पसरली आणि बाटल्या एकेक करून लेकराला निजवावं तशा आडव्या निजवल्या. पलीकडच्या भिंतीशी त्याच्या दोन्ही पोरी निजत, त्यांना त्यानं बाटल्यांपासून दोन हात लांब अंथरूण घालायला लावलं.

त्याचा बाप भागोजी हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. भागोजी साठीला आला होता, पण अजून रोज सकाळ-संध्याकाळ अकरा माड चढे आणि माडी काढी. अंगाची शीर न् शीर दोरीसारखी, तळपाय माडाच्या सालीसारखे.

"आडव्या?" तो म्हणाला.

"आडव्याच."

"आन् बुचं अशी ठोकून बसवल्याली?"

"हो."

"मंग हवा जायाला वाट कुटं हाय?"

तुळशीरामला रेवसची परतीची लाँच गाठायची होती. छकडेवाला बाहेर ओरडत होता. "बा, तुला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "हात लावू नकोस म्हणजे झालं." मग बायकोला, राहीला, तेच सांगितलं. पोरींना तेच सांगितलं. छकड्यात बसल्यावर मान वळवून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. चार वेळा 'हात लावू नका' म्हटलं की राखण झाली, असं त्याला वाटलं. मुंबईत शिकून शहाण्या झालेल्या माणसांना असं पुष्कळ वाटतं.

वीस डिसेंबरला तो परत आला. अंगणात पाय टाकला तर भागोजी ओसरीवर असा बसलेला, जणू आज घरात लग्न आहे. तोंडभर हसू.

"बघ जा," तो म्हणाला. "एक बी फुटली न्हाय!"

काय झालंय ते तुळशीरामला अजून कळलं नव्हतं, पण बापाचं ते 'एक बी' त्याला ठीक वाटेना. तो धावतच पडवीत गेला.

अठ्ठेचाळीस बाटल्या वाळूत उभ्या होत्या. नीट रांगेत, चौथरा आखावा तशा. आणि प्रत्येकीच्या तोंडात लाखेच्या जागी, बुचाच्या जागी, नारळाच्या काथ्याचा एकेक बोळा. माडीच्या मडक्याला घालतात तसा. सैल, हवा खेळती राहील असा. भिंतीवरच्या खुंटीला एक सुतळी टांगली होती आणि तिच्यात ओवलेली होती अठ्ठेचाळीस बुचं. भागोजीनं एकही वाया जाऊ दिलं नव्हतं.

"बा," तुळशीराम म्हणाला. "हे काय केलंस?"

"लई घट्ट व्हती," भागोजी अभिमानानं म्हणाला. "कोयतीनं लाख खरवडली. बूच काय निघंना. मंग शेजारच्या कोळ्याकडनं मोटा मासा धरायचा गळ मागून आणला, चुलीत लाल केला, सरळ केला, आन् त्यानं वडलं एकेक. चार दिस गेलं. पन बाटली एक मोडली न्हाय."

"मी सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून!"

"आरं, पोरी निजतात हितं! मोरूचं इसरलास काय?"

मोरू म्हणजे भागोजीचा धाकटा भाऊ. तुळशीराम सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बहिणीकडे मुंबईला न्यायला म्हणून मोरूनं ताजी माडी सोड्याच्या बाटलीत भरली, बूच सुतळीनं आवळून बांधलं आणि बाटली ओसरीवर ठेवली. ताजी माडी भांड्यात चढते, फुगते, तिला वाट मिळाली नाही तर भांडं फोडते, हे भंडाऱ्याच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मोरूला पण ठाऊक होतं, फक्त रेवसच्या बोटीपर्यंत टिकेल एवढाच त्याचा हिशेब होता. बाटली फुटली आणि काच डोळ्यात गेली. एका डोळ्यानं माड चढायला तो दोन वर्षांनी पुन्हा लागला आणि माडावरच्या खाचेचा अंदाज चुकून खाली पडला, तो उठलाच नाही. तेव्हापासून या घरात तोंड बंद केलेलं भांडं कुणी ठेवलं नव्हतं. लोणच्याच्या बरणीलासुद्धा नुसतं फडकं असे.

"पण ही माडी नाही!" तुळशीराम किंचाळला. "ही फुगत नाही, चढत नाही, फुटत नाही! हिला हवा लागली की मेली! बारा वर्षांची वाइन आहे, बारा वर्षं ती बंद होती आणि बारा वर्षांत कुणाचा डोळा गेला नाही!"

"मंग सांगायचं न्हाय व्हय तसं?" भागोजी म्हणाला.

तुळशीरामनं एक बाटली उचलली आणि बोळा उपटला. जीभ लावायचं कारणच नव्हतं. नाकानंच सांगितलं. तरी त्यानं घोट घेतला आणि थुंकला. दुसरी उघडली. तिसरी. आशा मोठी वाईट, ती माणसाला बावीस बाटल्या हुंगायला लावते. तेविसाव्या बाटलीशी तो वाळूतच बसला.

राही दारात उभी होती. तिनं हळूच विचारलं, "सगळंच आंबलं व्हय? मंग लोणच्यात तरी चालंल काय?"

"राही, तू आत जा."

"चुना टाकून बगू काय?" भागोजी म्हणाला. "माडी चढू नये म्हनून मडक्याला आतून चुना लावत्यात, तसा—"

"बा!"

त्या एका हाकेनं बाहेरच्या माडावरचे कावळे उडाले. भागोजीनं खुंटीवरची बुचांची माळ काढली, हातात धरून उभा राहिला, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा खुंटीला अडकवली.

मार्ग एकच होता. उद्याच्या उद्या मुंबईला जायचं, शेटना खरं सांगायचं, दुसऱ्या चार डझन मागून आणायच्या आणि चोवीस तारखेला किहीमला पोचवायच्या. गाळ बसायला वेळ मिळणार नव्हता, पण आंबलेल्यापेक्षा गढूळ बरी. शेट काय म्हणतील याचा विचार करत तुळशीराम रात्रभर कूस बदलत राहिला. पहाटे उठून बघतो तो भागोजी छकड्यात बसलेला. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला रुमाल, मांडीवर सहा शहाळी.

"तू कुठं?"

"चूक माजी हाय. मी सांगतो शेटला."

"तुला काही सांगायला यायचं नाही! तू घरी बस."

"शेट काय मला खाईल काय? मी सांगीन, बाबा रं, पोराची काय बी चूक न्हाय, म्या म्हाताऱ्यानं केलं. मंग त्याला तुला काय बोलताच यायचं न्हाय."

तुळशीरामनं समजावलं, ओरडलं, हात जोडले. भागोजी छकड्यातून उतरला नाही. लाँचवरही त्याचं तोंड थांबेना. शेजारी बसलेल्या पेणच्या व्यापाऱ्याला, मागच्या बाकावरच्या कोळणींना, तिकीट तपासणाऱ्याला, सगळ्यांना त्यानं गोष्ट सांगितली. गळ चुलीत कसा तापवला तेही सांगितलं. कोळणी हसून हसून लोळल्या. तुळशीराम बाहेर पाण्याकडे तोंड करून बसला. या माणसाला आता शेटच्या समोर नेऊन उभं करायचं होतं.

बमनजी शेटच्या गोदामात शिरायच्या पायरीशी त्यानं बापाला थांबवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "बा, तू इथं बस. या बाकड्यावर. मी हाक मारीपर्यंत आत यायचं नाही. कळलं?"

"कळलं."

गोदामाचा कारकून दयाराम बाहेरच्या टेबलाशी लेबलं मोजत बसला होता. त्यानं म्हाताऱ्याकडे आणि शहाळ्यांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मोजायला लागला.

आत शेट खुशीत होते. "आव तुलशी! किहीमच्या साहेबाचं पत्र आलंय, पाहुणे वाढलेत. आणि हे बघ, तुझा कागद पण टाइप करून ठेवलाय." टेबलावर खरंच कागद होता. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याचे एजंट, आणि पुढे इंग्रजीत त्याचं पुरं नाव. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं पुरं नाव लिहिलं होतं.

"शेट, माल खराब झाला," तुळशीराम म्हणाला.

शेटच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय झाला?"

"थेंबही कुणी प्यायलं नाही, पण बुचं उघडली गेली. सगळी."

"अठ्ठेचाळीस? कोणी?"

आता इथे एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरांचा. तो त्यानं वाटेत शंभर वेळा घोकला होता. पण शेटच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला दिसलं की पुढे काय होणार. भंडारी तो भंडारी, त्याच्या घरात माल ठेवला हीच चूक झाली, असं शेट म्हणणार. कागद ड्रॉवरमध्ये जाणार. आणि बाहेर तो म्हातारा सहा शहाळी घेऊन बसलाय.

"राखणदारानं, शेट," तुळशीराम म्हणाला. "राखणीला एक माणूस ठेवला होता. अडाणी आहे."

"राखणदार? गाढव आहे की दुश्मन? कुठे आहे तो?"

"हितंच हाय शेट."

भागोजी दारात उभा होता. दयारामनं शहाळी आत न्यायला सांगितली होती, म्हणून तो आला होता. किती ऐकलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यानं शहाळी खाली ठेवली आणि हात जोडले.

"व्हय शेट. मीच तो राखनदार."

त्यानं तुळशीरामकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि थांबला. शेटच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, ते टकटक करत होतं. तुळशीराम टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला.

मग शेटनी तोंडाचा पट्टा सोडला. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही भाषांतल्या शिव्या संपल्यावर ते दमले आणि म्हणाले, "पण का? अरे बावा, पिण्यासाठी उघडली असतीस तर समजलो असतो. एक थेंब प्यायला नाहीस आणि अठ्ठेचाळीस उघडल्यास. का?"

"पोरी निजत व्हत्या शेट तिथं," भागोजी म्हणाला. "माज्या भावाचा डोळा गेला व्हता बाटली फुटून. म्हनून भ्यालो."

शेट जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नाही, वाइन फुटत नाही म्हणून?"

भागोजी लगेच म्हणाला, "सांगितलं व्हतं की. मालकानं समदं नीट सांगितलं व्हतं. मीच इसरलो."

"मग माणूस बरा आहेस, पण डोकं नाही," शेट म्हणाले. "तुलशी, दुसरे चार डझन घेऊन जा. दयाराम धक्क्यावर येऊन माल न्यायचा सरकारी पास करून देईल. पण या राखणदाराला आजच्या आज काढ. असा माणूस माझ्या मालाजवळ नको."

"काढतो, शेट," तुळशीराम म्हणाला.

"नाताळ तोंडावर आलाय, आता साहेबाच्या शब्दाची वाट बघत नाही," म्हणत शेटनी कागदावर सही केली आणि तो त्याच्या हातात दिला. तुळशीरामनं तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. उलट बापावरच त्याला भयंकर राग आला. कशाला आला होता हा? कुणी बोलावलं होतं?

भाऊच्या धक्क्यावर चार पेट्या उतरल्या. हमाल यायच्या आत भागोजीनं एक पेटी उचलून डोक्यावर घेतली.

"खाली ठेव," तुळशीराम दातओठ खात पुटपुटला.

"मालक, तुमी बाजूला व्हा," भागोजी मोठ्यानं म्हणाला. मग हळूच, "तो कारकून बगतोय."

"पुरे झालं ते!"

"गप. सही झाली म्हंजी झालं असं न्हाय. लाँच सुटंपातूर मी राखनदार." आणि पुन्हा मोठ्यानं, "मालक, ह्यी पेटी कुटं ठिवू?"

एक पेटी झाली. दुसरी झाली. प्रत्येक खेपेला 'मालक'. लाँचवर चढायच्या फळीवरून साठीचा म्हातारा बारा-बारा बाटल्यांची पेटी घेऊन तोल सावरत जात होता आणि तेहतीस कोटी देवांना ऐकू जाईल असं 'मालक, मालक' करत होता. तुळशीरामला वाटलं, याच्या तोंडात काथ्याचा बोळा कोंबावा. चौथी पेटी पोचवून भागोजी धापा टाकत परत आला, तेव्हा दयारामनं खिशात हात घातला आणि दोन आणे काढून पुढे केले.

"घे रे म्हाताऱ्या. नोकरी गेली तर गेली, एवढं घेऊन जा."

भागोजीनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ते दोन आणे घेतले. कपाळाला लावले.

"ते त्याला परत घ्यायला सांगा," तुळशीराम म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळेना आपण कुणाला काय सांगतोय. "दयाराम, तो राखणदार नाही. तो माझा बा आहे. माझा बाप. भागोजी. ही वाइन माझ्या घरात होती, माझ्या पोरींच्या उशाशी, आणि ती फुटत नाही हे मी त्याला सांगितलं नव्हतं. शेटना सांगा. आत्ता सांगा."

"डोकं फिरलं काय तुजं?" भागोजी म्हणाला.

दयाराम एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे बघत राहिला. वाईट माणूस नव्हता तो, पण शेटचं मीठ खात होता. "मला सांगावंच लागेल," तो म्हणाला आणि धक्क्यावरच्या कचेरीत टेलिफोन करायला गेला.

लाँचची पहिली शिट्टी झाली. दुसरी व्हायच्या आत दयाराम परत आला. त्यानं खाली बघतच निरोप सांगितला. "शेट म्हणाले, पेट्या किहीमला पोचव. सोमवारी नेहमीसारखा गोदामात कामाला ये. कागद मात्र दयारामकडे दे. म्हणाले, ज्याला माझ्यासमोर आपल्या बापाला बाप म्हणता आलं नाही, त्याच्या हातात मी माझं नाव देणार नाही."

तुळशीरामनं कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला आणि दिला.

लाँच सुटली तशी भागोजीनं तोंड उघडलं आणि तासभर ते बंद केलं नाही. एवढं जमवून आणलं होतं, म्हणाला. राखणदार मी झालो, शिव्या मी खाल्ल्या, चार पेट्या मी वाहिल्या, आणि ह्यानं धक्क्यावर येऊन समदं पाण्यात घातलं. लाँच सुटायला किती येळ व्हता? एवढा येळ दम निघाला न्हाय? अलिबागच्या बाजारात पाटी लागली असती. पोरी शाळेत गेल्या असत्या. तेरा वर्षं बाटल्या धुतल्यास, आता आनखी तेरा वर्षं धू.

"हो," तुळशीराम म्हणाला. "धुतो."

"काय उपेग आता सांगून?"

"नाही उपयोग."

"मंग सांगितलंस कशाला?"

तुळशीराम चिडून वळला. "तू ते दोन आणे कपाळाला लावलेस म्हणून! कुणी सांगितलं होतं लावायला? आणि तू तरी कशाला म्हणालास मी राखणदार म्हणून? मी म्हटलं होतं, बाहेर बस. कुणी सांगितलं होतं आत येऊन असं बोलायला?"

डोक्याचा रुमाल सोडून भागोजीनं तोंड पुसलं. रेवसचा किनारा दिसायला लागला होता, माणसं आपापली गाठोडी जवळ ओढत होती.

"मला काय ठावं," तो म्हणाला. "मला वाटलं, मी तसं म्हनलो की तू लगीच म्हनशील, न्हाय शेट, ह्यो माजा बा हाय. म्हनून म्हनलो. आन् थांबलो तुज्याकडं बघत."